पोथीला मुंग्या लागत नाहीत

रविवारी सकाळी मुक्ताबाईंनी सगळं घर ओसरीवर गोळा केलं आणि बजावलं, "आज या घरात कुणीही लंगडायचं नाही. ज्याला लंगडल्याशिवाय चालता येत नसेल, त्यानं पाहुणे यायच्या आधी खुर्चीत बसायचं आणि ते टांग्यात बसेपर्यंत उठायचं नाही."

शेवटचं वाक्य धाकट्या दिरांसाठी होतं. गोपाळकृष्ण वझे हायस्कुलात भूगोल शिकवत, झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत आणि वाचता वाचताच उतरत. झोपाळा थांबलाय की नाही हे बघायची तसदी त्यांनी जन्मात घेतली नव्हती. एकदा ते उतरले, झोपाळा मागे गेला, परत आला आणि गुडघ्याच्या मागे असा बसला की हेडमास्तरांनी त्यांचे वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणले.

"वहिनी, सबंध सकाळ खुर्चीत बसू?"

"हातात पुस्तक धरा. विचारवंत दिसाल."

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"विचार करा!"

झोपाळा तर काल संध्याकाळीच दोरीनं खांबाला जखडला होता. विळ्या कोठीत गेल्या होत्या. कामाला येणाऱ्या गंगीला हाताच्या कोपरापर्यंत चोळी घालून यायला सांगितलं होतं, म्हणजे बंबाच्या तोटीनं भाजल्याचा डाग झाकला जाईल. आणि स्वतः मुक्ताबाईंनी उजव्या हाताच्या तर्जनीला हळद-कुंकू फासून ठेवलं होतं. कुणी विचारलंच तर आत्ताच पूजेतून उठले, असं सांगायचं.

एवढा सगळा खटाटोप नीरजासाठी. नीरजा म्हणजे गोपाळकृष्णांची धाकटी. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती, आणि ज्या मुक्ताबाईंना स्वतःचं मूल नव्हतं त्यांच्या पदरात ती आयती येऊन पडली. त्या नीरजानं मागच्या महिन्यात काकूच्या मांडीत तोंड खुपसून सांगितलं होतं की पुण्याच्या पाटणकरांचा मुलगा कॉलेजात वादविवाद स्पर्धेत भेटला, त्याला मी आवडते, मला तो आवडतो, आणि आता तुम्ही काय ते बघा. मुक्ताबाईंनी बघितलं. मध्यस्थ घातले, निरोप धाडले, आणि आज पाटणकर मंडळी सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरणार होते.

सगळं कसं जमून आलं होतं, आणि आडवा येत होता तो थोरलीचा लेख!

थोरली सुनेत्रा डॉक्टर होती. कान्हे गावच्या दवाखान्यात आठवडाभर लोकांना तपासायची आणि शनिवारी घरी आली की घरच्यांना तपासायची. कोण पडलं, कुठून पडलं, पडण्याआधी काय करत होतं, पायात चप्पल होती का, उजेड कुठून येत होता. एखाद्याचा जीव कळवळतोय आणि ही विचारतेय की स्टुलाचा कोणता पाय आखूड आहे. आठ वर्षं तिनं हे केलं आणि मग इंग्रजीत एक लेख लिहून छापून आणला : तुंगार्लीतल्या एका एकत्र कुटुंबात होणारे घरगुती अपघात, त्यांची कारणं आणि ते टाळण्याचे उपाय. नाव कुणाचं नव्हतं. पण तुंगार्लीत बंगले किती, त्यात बारमाही राहणारी कुटुंबं किती, आणि त्यातली एवढी पडणारी किती!

त्यानंतर परदेशातून कार्डं यायला लागली. पोलंडहून, ब्राझीलहून, आणखी कुठून कुठून. आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. सुनेत्रा प्रती पाठवायची आणि कार्डांवरची तिकिटं थोरले काका, म्हणजे मुक्ताबाईंचे यजमान दिगंबरपंत, कात्रीनं कापून आपल्या वहीत चिकटवायचे. रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना दुसरा उद्योग नव्हता. स्कॉटलंडमधल्या कुणी विद्वानानं तर आपल्या लेखात वझ्यांच्या घरातला एक अपघात खास उचलून धरला होता : भाजी चिरताना बोलण्यासाठी मान वर करणारी प्रौढ स्त्री. ती प्रौढ स्त्री म्हणजे मुक्ताबाई. शेजारच्या घरातल्या सुनेबद्दल बोलत होत्या. बोलणं रंगलं आणि बोट विळीवर गेलं.

"म्हणजे माझं बोट स्कॉटलंडला जाऊन आलं म्हण की," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. पण आतून धास्तावल्या होत्या. ज्या घरात माणसं बसल्या जागी पडतात, त्या घरातली मुलगी कोण करील? उद्या आमच्याकडे येऊन काय काय पाडील, असंच कुणीही म्हणेल. आणि घराण्यालाच घेरीबिरी येते की काय, अशी शंका आली तर संपलंच.

"सुनेत्रा, तू आज त्या लेखाचं नाव काढायचं नाहीस."

"नाही काढणार, काकू." सुनेत्रा खाली बघत म्हणाली. "नीरजाचं व्हायला हवं."

ती एवढ्या सहजी कबूल झाली याचं मुक्ताबाईंना थोडं वाईटच वाटलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

---

पाहुणे आले. मुलगा उंच, लाजाळू, आणि त्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी. नीरजाला बघताच तो दारातच दोनदा पाय पुसायला लागला. त्याचे वडील, प्रोफेसर सीताराम पाटणकर, बारीक चणीचे, जाड चष्म्याचे. पुण्यात डॉक्टर होणाऱ्या मुलांना आकडेशास्त्र शिकवत. बसा म्हटलं तरी ते बसेनात. ओसरीवर उभे राहून ते वर बघत होते, खाली बघत होते, आणि जखडलेल्या झोपाळ्याकडे तर त्यांनी असं बघितलं जसं काही त्यालाच बघायला आले होते.

"झोपाळा बांधून ठेवलाय?"

"रंग द्यायचाय," दिगंबरपंत म्हणाले.

"पितळी कड्यांना?"

दिगंबरपंतांनी बायकोकडे बघितलं. मुक्ताबाईंनी विषय बदलला. "सौभाग्यवती नाही आल्या?"

"न्हाणीघरात घसरली. पाय मुरगळलाय."

"अगबाई! आणि चिरंजीवांच्या अंगठ्याला?"

"टॅक्सीच्या दारात सापडला. योगायोग आहे सगळा." प्रोफेसरांनी हात झटकला, खुर्चीवर टेकले, आणि पिशवीतून एक निळ्या कव्हराचं मासिक काढून मांडीवर ठेवलं. पानापानावर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. सुनेत्राचा लेख छापलेलं ते मासिक मुक्ताबाईंनी लांबूनच ओळखलं.

"स्पष्टच बोलतो," प्रोफेसर म्हणाले. "माझा मुलगा मुलगी बघायला आलाय. मी घर बघायला आलोय. डॉक्टर सुनेत्रा वझे आपणच ना? याच मासिकात आपल्या लेखावर टीका करणारा मीच. आपण वाचली असेल."

सुनेत्रानं मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता. मुक्ताबाईंना कुणी हे सांगितलंच नव्हतं. विद्वान लोक छापून भांडतात आणि घरी चहा पीत गप्प बसतात, ही काय रीत झाली!

"एका घरात एवढे अपघात? हे आकड्यांत बसत नाही," प्रोफेसर मासिकावर बोट आपटत म्हणाले. "मी लिहिलं तेच तोंडावर विचारतो. वहिनी, आपण घरातल्या वडीलधाऱ्या. हे अपघात खरंच झाले का?"

आता आली का पंचाईत? पण मुक्ताबाईंनी सकाळपासून घोकलेलं उत्तर जिभेवर तयार होतं, आणि ते त्यांच्या आधीच बाहेर पडलं.

"छे हो! आमच्या घरात कधी कुणाला साधं खरचटलं नाही."

"खरं?"

"देवाशपथ," दिगंबरपंत म्हणाले. गोपाळकृष्णांनी पुस्तकामागून होकार भरला. पुस्तक उलटं होतं.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जिंकलेला माणूस जसा खूश दिसावा तसे ते दिसले नाहीत. उलट हिरमुसलेच. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. सगळं मनचं." मग ते मुलाकडे वळले. "चल. जिथं घरातली मोठी मुलगी खोटं शास्त्र छापते, तिथं आपल्याला सोयरीक करायची नाही."

मुलगा उठला नाही. "बाबा," एवढंच म्हणाला. नीरजा चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली. आणि सुनेत्रा? सुनेत्रानं तोंड उघडलं, नीरजाकडे बघितलं, काकूकडे बघितलं, आणि मिटलं. कबूल केलं होतं ना तिनं. आठ वर्षांच्या शनिवार-रविवारांवर बोळा फिरत होता आणि पोरगी शब्दाला जागून गप्प उभी होती.

मुक्ताबाईंचा जीव गलबलला. एकीसाठी खोटं बोलायला गेले आणि दोघींचाही घात केला! हात जोडून खरं सांगावं तर आत्ताच देवाची शपथ झालेली. बरं, ती तरी यांनी कशाला घ्यायची?

तेवढ्यात गंगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. विळ्या कोठीत कुलपात आणि किल्ली मुक्ताबाईंच्या कमरेला, त्यामुळे कांदा तिनं हातानं फोडून घातला होता. त्याच्या भल्यामोठ्या पाकळ्या पोह्यांतून वर डोकावत होत्या. तिची नजर मासिकावर गेली.

"आगं बया! ह्ये तर ताईंचं पुस्तक! पाव्हणं, माजा हात बी हाय त्यात."

"गंगे, आत जा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"आवं पर हाय न्हवं! ताईंनी मला इचारून लिवलाय." तिनं बश्या ठेवल्या आणि बाही सर्रकन वर सारली. "ह्यो बगा. बंबाची तोटी. लय भाजलं होतं. आमच्या वाडीत समद्यांस्नी सांगितलंय मी, माजा हात इलायतेला गेलाय म्हून. आन् तुमी काय बोलताय, खोटं हाय?"

प्रोफेसर खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी मासिक उघडलं, डाग बघितला, पान बघितलं, परत डाग बघितला. "लांबी जुळतेय," ते पुटपुटले.

झालं, बांध फुटला! गोपाळकृष्ण एकदम उठून उभे राहिले. "आणि झोपाळ्याचा अपघात माझा!" असं म्हणून त्यांनी ओसरीवर एक फेरी लंगडून दाखवली. कधी नव्हे इतके ठसठशीत लंगडले. नीरजानं ट्रे खाली ठेवला आणि पाटावरून घसरून फुटलेली हनुवटी वर करून दाखवली. मुलगा ती हनुवटी बघायला गरजेपेक्षा बराच वेळ वाकून उभा राहिला. मुक्ताबाईंनी पदरानं बोटाचं कुंकू पुसलं आणि बोट प्रोफेसरांच्या चष्म्यासमोर नेलं. "हे घ्या. मघाशी खोटं बोलले. मुलीचं लग्न मोडेल म्हणून बोलले. विळीवर गेलं होतं. स्कॉटलंडवाल्यांनी मानलं, तुम्हाला मानायला काय झालं?"

"म्हणजे ती प्रौढ स्त्री आपण!" प्रोफेसर उठून उभेच राहिले. नमस्कार करायचेच राहिले होते. मग मात्र त्यांनी पान मागे उलटलं. "पण अपघात क्रमांक एक. सबंध लेखात मला सर्वांत जास्त खटकला तो हाच. वयस्क पुरुष, माळ्यावरची पोथी काढताना स्टुलावरून पडले. मनगट मोडलं, हे समजू शकतो. पण तळहातात काच घुसली. पोथीत काच कुठून आली?"

ओसरीवर सगळे दिगंबरपंतांकडे बघायला लागले.

"पोथीच होती," दिगंबरपंत म्हणाले. "गुरुचरित्राची."

"आणि काच?"

"चष्म्याची असेल."

"इथं लिहिलंय, चष्मा शाबूत होता."

"मला जे सांगितलं ते मी लिहिलं," सुनेत्रा हळूच म्हणाली. "मी आले तेव्हा काकांना पलंगावर निजवलं होतं, आणि खोली झाडून पुसून लख्ख होती."

"मग हे एक जरी खोटं निघालं, तरी बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?" प्रोफेसरांनी मासिक मिटलं. "बाई, मला आता आपल्यावर विश्वास ठेवायचाय हो. पण मी लिहू काय?"

खोली कुणी झाडली होती? मुक्ताबाईंनीच. त्या दुपारी धप्प आवाज झाला तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. धावत गेल्या तर हे जमिनीवर पसरलेले, भोवती बरणीच्या काचा, आणि सगळीकडे साखरांब्याचा पाक. डॉक्टरपुतणीनं गोड बंद केलं होतं, म्हणून मुक्ताबाईंनी बरणी मुद्दाम माळ्यावर ठेवली होती. "पोथी काढत होतो," असं हे जमिनीवरूनच म्हणाले. "हो ना," असं त्या म्हणाल्या, आणि काचा वेचायला लागल्या. त्या दिवसापासून दोघांत त्या विषयावर चकार शब्द नव्हता. संसारात असली एखादी झाकली मूठ असते. ती उघडायची म्हणजे यांची सगळ्यांसमोर शोभा होणार, तीही होणाऱ्या व्याह्यांसमोर. मुक्ताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. दिगंबरपंतांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मग त्यांनी सुनेत्राकडे बघितलं. ती मिटलेल्या मासिकाकडे बघत होती.

"पोथी नव्हती," मुक्ताबाई म्हणाल्या.

"अगं!"

"अगंबिगं काही नाही. साखरांबा होता. मी स्वतः पुसलाय. पुढे आठवडाभर त्या खोलीत मुंग्यांची रांग लागली होती. पोथीला मुंग्या लागत नाहीत."

कुणीतरी हसलं. गंगीच असणार. दिगंबरपंत कानापर्यंत लाल झाले. स्टेशनमास्तर असताना मालगाडी रुळावरून घसरली तेव्हाही त्यांचा असा चेहरा झाला नव्हता.

"एक चमचा," ते म्हणाले. "फक्त एक चमचा घेणार होतो."

"रोज एकच घेता. मला माहीत आहे."

"रोज?" सुनेत्रा ओरडली. "काका, तुम्ही अजून खाता?"

"मग काय तर," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांना आता थांबता येईना. "त्यानंतर मी बरणी खालच्या फळीवर आणून ठेवली. हा माणूस खायचा तो खाणारच. निदान पडून तरी नको खायला. बरणी काचेची होती ती चिनीमातीची केली. त्या दिवसापासून एकदा तरी पडलेत का? विचारा."

सुनेत्रानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माझा दुसरा लेख! रोज कारल्याचा रस घेऊनही साखर न उतरणाऱ्या एका वृद्धाबद्दल. उद्या पोस्टात टाकणार होते!"

प्रोफेसर पाटणकर मात्र हसत नव्हते. ते पेन्सिल घेऊन समासात भराभर लिहीत होते. "बाई, आपल्या लेखात उपाय काय दिलाय? वयस्कांनी माळ्यावर चढू नये. कोण ऐकतं? मी आमच्या घरात गेली दहा वर्षं सांगतोय, न्हाणीघरात जपून चाल. आणि ह्या वहिनींनी काय केलं? माणसाला हात लावला नाही, बरणी हलवली." त्यांनी वर बघितलं. "हे छापलं पाहिजे. तुम्ही दुरुस्ती लिहा, खाली मी माझी टीका मागे घेतो. दोघांच्या सहीनं."

"ते होईल," मुक्ताबाई म्हणाल्या. "सोयरिकीचं काय?"

"कसली सोयरीक?" प्रोफेसर लिहिता लिहिताच म्हणाले. मग त्यांना आठवलं. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा अजून हनुवटीच बघत होता. "ते तर झालेलंच दिसतंय. अहो, हा झोपाळा सोडा की आता. मला बसून बघायचाय."

झोपाळा सोडला. प्रोफेसर बसले, मासिक उघडलं, वाचता वाचता उतरले. बाकीचं सांगायला नकोच. गंगीनं हळद आणली, गोपाळकृष्णांनी खुर्ची रिकामी करून दिली, आणि सुनेत्रानं विचारलं, "उतरण्याआधी कोणतं पान वाचत होता?"

---

लग्न माघात झालं. वरपिता काठी घेऊन मांडवात फिरले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला काठीचं कारण आकड्यांसह सांगत राहिले.

दुरुस्ती त्याच सुमारास छापून आली. अपघात क्रमांक एक : पोथी नव्हे, साखरांबा. उपाय : बरणी खालच्या फळीवर ठेवणे, श्रेय, सौ. मुक्ताबाई वझे. सुनेत्रानं ते इंग्रजीतून वाचून दाखवलं तेव्हा दिगंबरपंत उठून मागच्या अंगणात गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. चार दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. बरणीला हात मात्र त्यांनी लावला नाही, आणि ते मुक्ताबाईंना बरणीतल्या पाकाच्या पातळीवरून रोज कळत होतं. पाचव्या दिवशी मुक्ताबाईंनी स्वतःच एक चमचा काढून यजमानांच्या पानात वाढला. "उघड खा," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा. सुनेत्राला विचारलंय."

दिगंबरपंतांनी चमचा चाटून पुसून खाल्ला आणि म्हणाले, "चोरून जास्त गोड लागायचा."

मग एक दिवस पोलंडहून कार्ड आलं. पत्त्यात सुनेत्राचं नाव नव्हतं. श्रीमती मुक्ताबाई वझे, तुंगार्ली. नीरजा माहेरी आली होती, तिनं वाचून सांगितलं : साखरांबा हा पदार्थ नेमका काय असतो, आणि आपण बरणी किती उंचीवर ठेवली, ते कृपया कळवावं.

मुक्ताबाईंनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, पदरानं पुसलं. स्वतःच्या नावाचं कार्ड त्यांना जन्मात कधी आलं नव्हतं. जे काही यायचं ते यजमानांच्या नावानं. तेवढ्यात सवयीनं दिगंबरपंत कात्री घेऊन आले. तिकिटावर रंगीत पक्षी होता.

"हात लावू नका," मुक्ताबाई म्हणाल्या. "हे माझं आहे."

"अगं, पण वहीत नीट राहील."

"माळ्यावर नीट राहील." त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर पाय ठेवला, आणि मागे वळून म्हणाल्या, "बघत काय उभे राहिलात? धरा जरा."

दिगंबरपंतांनी कात्री लांब सारून ठेवली, आखूड पाय कोणता ते आधी बघून घेतलं, आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.